उभ्या गाडीची उसनवारी

इटालियन मोटरसायकल म्हटलं की लोक तिच्या आवाजाबद्दल विचारतात. मला तो आवाज भिंतीपलीकडून यायचा. भिंतीच्या अलीकडे माझे रॅक होते आणि रॅकवर त्या आवाजाचे सुटे तुकडे: सील, वॉशर, फिल्टर, पट्टे, ब्रेकचे पॅड. अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आमचं वर्कशॉप होतं आणि मी तिथली पार्ट विभागाची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे एकटीच. पार्ट मागवायचे, आलेले तपासायचे, रॅकवर लावायचे, मेकॅनिकला द्यायचे आणि कुठली गाडी कधी काय मागणार याचा तक्ता ठेवायचा, एवढं सगळं माझ्याकडे.

"तुम्ही स्वतः चालवता का?" हा प्रश्न प्रत्येक नवीन गिऱ्हाईक विचारायचं. बाई काउंटरला दिसली की विचारायचंच. मी म्हणायचे, "तुमचा केमिस्ट सगळी औषधं स्वतः खातो का?"

कामाबद्दल आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचा राग समजेल.

आमच्याकडे यायची ती मधल्या ताकदीची स्पोर्ट गाडी. फार मोठी नाही, फार लहान नाही, पण नखरे मोठीचे. तिचा प्रत्येक भाग कंपनीच्या चित्रात सुटा करून दाखवलेला असतो, जणू कुणी गाडी हळूच हवेत उसवली आहे. त्या चित्रातल्या प्रत्येक तुकड्याला नंबर. गाडीचा चेसिस नंबर घ्यायचा, तिचं वर्ष काढायचं, त्या वर्षाचं चित्र उघडायचं आणि मग पार्टचा नंबर. कारण तीच गाडी, तोच रंग, पण वर्ष बदललं की एखादा बोल्ट थोडा लांब होतो. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की इंजिनाच्या कवचाला तडा. आणि लोक काय पाठवतात, तर मोबाइलवर एक अस्पष्ट फोटो. खाली मजकूर: "मॅडम, हे आहे का?" हे म्हणजे काय? फोटोत अर्धं बोट आणि अर्धं पायपुसणं.

बोरिवलीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीचे टायमिंगचे पट्टे बदलायची वेळ झाली होती. हे पट्टे रबरी असतात. इंजिनाच्या वरच्या भागाची उघडझाप खालच्या भागाशी ताल राखून होते ती त्यांच्यामुळे. पट्टा तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि मग दुरुस्तीला काही उरत नाही.

"पण मॅडम, गाडी चालते कुठे?" ते म्हणाले. "रविवारी सकाळी हायवेला जायचं, डोसा खायचा, परत यायचं."

"पट्टा रबराचा आहे. उभा राहूनही म्हातारा होतो."

"किलोमीटर तर झालेच नाहीत."

"तुम्ही तरी रोज कुठे मॅरेथॉन पळता? तरी केस पांढरे झालेच ना."

हसले आणि बदलून घेतले. अशा लोकांचा मला राग येत नाही. त्यांना माहीत नसतं, सांगितलं की कळतं. मला राग येतो तो ज्यांना सगळं माहीत असतं त्यांचा. ही हकीकत त्यांचीच आहे.

ही गाडी पाळायची म्हणजे वाट बघायला शिकावं लागतं. पावसाळ्यात आमची गिऱ्हाइकं गाड्यांना कव्हर घालून ठेवायची आणि पाऊस ओसरायला लागला की सगळी एकदम जागी व्हायची. पण ऑगस्टमध्ये इटली सुट्टीवर असते. कारखाना बंद, गोदाम बंद, मेलला उत्तर नाही. तिथून पार्ट निघाला तरी पुढे कस्टम. त्यामुळे गणपती उठले की माझ्या काउंटरसमोर हेल्मेट घेतलेली माणसं आणि माझ्याकडे रिकामे रॅक, असा दरवर्षीचा देखावा.

या टंचाईतून आमच्या धंद्यात एक रीत पडली. तिला सगळे उसनवारी म्हणायचे. एखादी गाडी मोठ्या कामासाठी उभी असते, तिला अजून महिने लागणार असतात. दुसऱ्या गाडीचं एकाच छोट्या भागावाचून अडलं आहे. मग उभ्या गाडीचा तो भाग काढायचा, चालत्या गाडीला लावायचा आणि नवा आला की उभ्या गाडीला घालायचा. कागदावर यात कुणाचं काही बिघडत नाही. उभ्या गाडीच्या मालकाला विचारलं आणि नव्याची ऑर्डर त्याच दिवशी टाकली, तर मीही मान्य केलं असतं. पण विचारत कुणीच नाही. गिऱ्हाइकंच आग्रह धरायची, "ती कोपऱ्यातली उभीच आहे ना, तिचं काढा की." स्वतःच्या गाडीला कुणी बोट लावलेलं न चालणारी माणसं ही.

आणि यात एक मेख होती. रॅकवरचा माल माझ्या ताब्यात, गाडीवरचा माल वर्कशॉपच्या. गाडीवरून गाडीवर गेलेला पार्ट माझ्या काउंटरवरून जातच नाही. म्हणजे तो कुणाच्याच हिशेबात नाही.

प्रशांत कांबळे चेंबूरचा. एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या विभागात कामाला. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरेतुरेच करायचे आणि तो मला ताई म्हणायचा. त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली होती, पण अशी ठेवली होती की नवी घेणाऱ्यांनी बघावी. पवईला रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून पुढचं चाक घसरलं आणि गाडी दुभाजकाला धडकली. त्याला खरचटण्यावर निभावलं. गाडीचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्या, वाकला. बाकी सगळी गाडी ठणठणीत. विमा मंजूर झाला, फोर्कची ऑर्डर मी टाकली आणि गाडी वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात वाट बघत उभी राहिली.

प्रशांत शनिवारी ड्युटी संपवून यायचा. गिऱ्हाइकांना वर्कशॉपच्या आत जायला मनाई होती, त्यामुळे तो काचेबाहेरून बघायचा. सुरुवातीला लाल टाकी दिसायची. नंतर आमचे मॅनेजर निखिल सर यांनी गाडीवर कव्हर टाकायला लावलं.

"धूळ बसते हो," ते प्रशांतला म्हणाले. "तुमच्या गाडीची काळजी आम्हालाही आहे."

"थँक्यू सर," प्रशांत म्हणाला. हे थँक्यू मला अजून टोचतं.

मला कळलं ते बिलामुळे. घाटकोपरचे एक दातांचे डॉक्टर, देसाई. त्यांच्या गाडीचा पेट्रोलचा पंप गेला होता. हा पंप टाकीच्या आत असतो. माझ्याकडे तो नव्हता आणि इटली सुट्टीवर होती, तसं मी त्यांना सांगितलंही होतं. मग एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर डॉक्टरांच्या बिलात नवा पंप आणि माझ्या साठ्यात पंपापुढे वजा एक. रॅकवर वस्तूच नाही, ती विकली कशी जाते? आमच्या कॉम्प्युटरला त्याचं काही वाटत नसे. मला वाटलं.

लॉरेन्स आमचा हेड मेकॅनिक, मनोरीचा. गावातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत शिकलेला आणि कामात कुणाच्या बापाचं न ऐकणारा. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"लॉरेन्स, डॉक्टरांना पंप कुठला लावलास?"

"ताई, तू मला नको विचारू. साहेबाला विचार."

"मी तुला विचारतेय. हात तुझे आहेत."

त्याने पाना खाली ठेवला आणि हनुवटीने कोपऱ्यातल्या कव्हरकडे दाखवलं.

"अजून काय काय काढलंय?"

"तूच बघ जा. माझ्या तोंडून कशाला?"

मी कव्हराची एक कड उचलून बघितली. टाकीतला पंप बाहेरून दिसत नाही, पण तो गेल्याचं कळलंच होतं. बॅटरी चार्ज करणारा डबा, ज्याला आम्ही रेग्युलेटर म्हणतो, तो नव्हता. क्लचचा लिव्हर त्याच्या तेलाच्या डबीसकट गायब. मागचा ब्रेक गायब. साइड स्टँडचा स्विचसुद्धा कापून नेलेला. त्या गाडीवर आता टाकी, सीट आणि विश्वास एवढंच शिल्लक होतं.

मी निखिल सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभी राहिले.

"उसनवारी आहे ती, परब मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही काय आज आलात का धंद्यात? नवीन आले की लावू परत."

"नवीन येणार कुठून? ऑर्डर मी टाकते. यातल्या एकाचीही ऑर्डर मी टाकलेली नाही. तुम्ही मला सांगितलेलंच नाही."

"टाकू ना. घाई काय आहे? त्याचा फोर्क कुठे आलाय?"

"आणि ज्यांना जुने पार्ट लावलेत, त्यांच्या बिलात नव्याची किंमत कशी?"

"त्यांची गाडी चालली ना? ते खूश आहेत. तुम्ही रॅक बघा. फ्लोअर मी बघतो."

ज्यांना पार्ट लावले त्यांच्याकडून नव्याचे पैसे आधीच आले होते. आता नवा पार्ट मागवायचा म्हणजे खिशातून घालायचं. म्हणून मागवायचा नाही. एवढं सरळ गणित होतं आणि त्याला नाव दिलं होतं उसनवारी. आमच्या चाळीत साखर उसनी नेणारी बाई तरी वाटी दाखवून न्यायची.

मी वर्कशॉपच्या मालकांना मेल लिहिला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिला. मग त्यांच्या ऑफिसातून फोन आला की मॅनेजरशी समन्वय ठेवा. समन्वय हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा माझ्या काउंटरवर बसवायला हवा.

मग फोर्क आला. खोकं मी स्वतः उघडलं, नंबर तपासला, पावती केली आणि प्रशांतला कळवलं. त्याने फोनवरच विचारलं, "ताई, मग पुढच्या शनिवारी मिळेल?" मी म्हटलं, "तू ये. समोरासमोर बोलू." फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पण माझ्याआधी निखिल सरांनी त्याला गाठलं.

शनिवारी प्रशांत आला तसं त्याला सरळ केबिनमध्ये नेलं. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि माझ्या काउंटरला टेकून उभा राहिला. चेहरा उतरलेला. हातात एक कागद.

"ताई, सर म्हणतात गाडीचं इलेक्ट्रिकल गेलंय. धडक बसली तेव्हाच शॉर्ट झालं असणार म्हणे. पंप पण गेलाय, लिव्हर-ब्रेक पण. विमावाल्यांच्या पाहणीत हे आलं नव्हतं, त्यामुळे माझ्याच खिशातून करावं लागेल."

"अजून काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढा खर्च या जुन्या गाडीवर परवडणार नाही. आहे तशी ते घेतील म्हणाले. चांगला भाव देतो म्हणाले." त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "तरी तुम्ही मला या पार्टांची किंमत काढून द्या ना. हळूहळू घेईन एकेक. विकायची नाहीये मला." मग जरा थांबून म्हणाला, "माझीच चूक ना, ताई. मीच पाडली."

त्या कागदावर निखिल सरांच्या अक्षरात पंप, रेग्युलेटर, लिव्हर, ब्रेक, स्विच असं लिहिलेलं होतं. म्हणजे त्याच्याच गाडीवरून काढलेल्या वस्तू त्यालाच विकण्यासाठी मी भाव काढायचा होता. नाहीतर गाडी त्यांच्या घशात. आणि वर त्या माणसाला सांगितलं होतं की हे तुझ्या पडण्यामुळे झालं. चोरीचा मला राग आलाच, पण या शेवटच्या गोष्टीचा जास्त आला. वस्तू घेतली ती घेतली, अपराधही त्याच्याच गळ्यात बांधला.

"याचा भाव मी देणार नाही," मी म्हटलं.

"का? येत नाहीत का आता हे पार्ट?"

"आत ये."

काउंटरची फळी उचलली आणि त्याला रॅकमधून मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये नेलं. गिऱ्हाइकाला तिथे आणणं नियमात बसत नव्हतं. लॉरेन्सने आम्हाला बघितलं आणि चालू असलेलं इंजिन बंद केलं. मी कव्हर ओढून काढलं.

प्रशांत गाडीभोवती एक चक्कर मारून आला. लोंबणाऱ्या वायरी त्याने हातात धरून बघितल्या. टोकं सरळ कापलेली होती.

"हे शॉर्ट नाही झालेलं," तो म्हणाला.

"नाही."

"काढलंय."

"हो. दुसऱ्या गाड्यांना लावलंय."

"मला न विचारता?"

"तुला न विचारता."

तो लॉरेन्सकडे वळला. "तुम्ही काढलंत?"

"मी काढलं," लॉरेन्स म्हणाला. "साहेबाने सांगितलं, मी काढलं. आता तू बोल काय बोलायचं ते."

"आमच्याकडे पेशंट असा बेवारस पडलेला असता आणि आम्ही असं केलं असतं तर जेलात गेलो असतो," प्रशांत म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात निखिल सर आले. "मॅडम, गिऱ्हाइकाला आत कुणी सोडलं?"

"गिऱ्हाईक त्याच्या गाडीजवळ उभं आहे," मी म्हटलं. "जेवढी उरलीय तेवढ्या गाडीजवळ."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? नोकरी आहे ना तुम्हाला?"

"आहे. ती करतेय."

मी काउंटरवर परत आले आणि फोन लावायला घेतले. कुणाच्या गाडीला काय गेलं हे लॉरेन्सने मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. पहिला फोन डॉक्टर देसाईंना.

"डॉक्टर, तुमच्या टाकीत बसवलेला पंप नवा नाही. दुसऱ्या माणसाच्या गाडीचा आहे. तो माणूस माझ्यासमोर उभा आहे."

"म्हणजे? मी नव्याचे पैसे दिलेत."

"हो."

"मला जुना लावला?"

"हो. आणि त्याचा चोरला."

"अहो पण मला जुना लावला," डॉक्टर पुन्हा म्हणाले. माणसाला स्वतःचं दुखणं आधी कळतं, दातांच्या डॉक्टरलाही. पण त्याच दिवशी ते गाडी घेऊन आले. काउंटरवर चावी ठेवली, प्रशांतकडे बघितलं आणि म्हणाले, "काढून घ्या बाबा तुमचं. माझं मी यांच्याकडून बघून घेतो." गाडी तिथेच सोडून ते रिक्षाने घाटकोपरला गेले.

कांदिवलीचा एक टाइल्सचा व्यापारी होता. त्याला रेग्युलेटर आणि लिव्हर दोन्ही लागले होते. तो म्हणाला, "मॅडम, बिल माझ्याकडे आहे. माझ्या गाडीला हात लावायचा नाही. ज्याचं गेलं त्याने सांभाळायला हवं होतं."

"त्याने आमच्याच वर्कशॉपमध्ये सांभाळायला दिलं होतं."

"ते मला काय सांगताय? मी थोडीच काढलं." आणि फोन ठेवला. गेल्या वर्षी पार्ट आला नाही म्हणून माझ्यापुढे टेबल आपटून "ती कोपऱ्यातली उभीच आहे ना" म्हणणारा हाच.

डॉक्टरांनी वकिलाचं नाव काढल्यावर मालक स्वतः आले. मेलला उत्तर द्यायला ज्यांना फुरसत नव्हती ते संध्याकाळच्या आत अंधेरीत. प्रशांतशी फार गोड बोलले. सगळे पार्ट नवे मागवून देतो, फिटिंग फुकट, पुढची सर्व्हिस फुकट. गाडी इथेच राहू दे.

"गाडी इथे राहणार नाही," प्रशांत म्हणाला.

"अहो, पण चालू होत नाहीये. नेणार कशी?"

"टेंपोने. पार्ट येतील तसे माझ्या घरी पाठवा. अर्धी तर अर्धी, माझ्या डोळ्यासमोर उभी राहील."

फोर्क आणि डॉक्टरांच्या गाडीतून काढलेला आपला पंप खोक्यात घालून त्याने टेंपो बोलावला. गेटवर वॉचमनने गेटपास पुढे केला. त्यावर छापलेलंच होतं की गाडी पूर्ण व सुस्थितीत मिळाली, खाली ग्राहकाची सही. निखिल सर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे, करून टाका." प्रशांतने ते छापलेलं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं, खाली "अपूर्ण गाडी नेत आहे" असं लिहिलं आणि सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. गेटपासवर साक्षीदाराची जागा नसते. मी समासात केली.

नोकरी मी सोडली नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीत शेवटी राजीनामा असायला हवा. मी का सोडू? मी काय काढलं होतं? निखिल सर दुसऱ्या शोरूमला गेले, बढतीवर. तिथे ते आता प्रशिक्षण देतात असं ऐकते. आमच्याकडे भिंतीवर एक पाटी लागली: गाडीमालकाच्या लेखी परवानगीशिवाय गाडीवरून भाग काढू नये. दुसऱ्याची वस्तू घेऊ नये हे मोठ्या माणसांसाठी पाटीवर रंगवावं लागतं आणि आलेले पाहुणे ती वाचून "वा, काय शिस्त आहे" म्हणतात. काही वर्षांनी वर्कशॉपच उठलं. त्या गाळ्यात आता केक बनतात आणि मी मुलुंडला लिफ्टचे सुटे भाग सांभाळते. लिफ्टवाले निदान उसनवारी करत नाहीत. बंद लिफ्टमधली माणसं लगेच बोंब मारतात.

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी प्रशांतचे पार्ट एकेक करून आले. प्रत्येक खोकं मी स्वतः बांधून पाठवलं. सगळे पोचल्यावर लॉरेन्स एका सुट्टीच्या दिवशी मनोरीहून चेंबूरला गेला. पैसे घेणार नाही म्हणाला. मीही गेले. प्रशांतच्या बिल्डिंगखाली त्याने गाडी जोडली. शेजारपाजारची माणसं खुर्च्या टाकून बसली होती, प्रशांतच्या आईने पोहे केले होते. दुपारी लॉरेन्सने चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. मी भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकला. छातीत बसतो.

सगळ्यांना वाटलं, आता हा एक चक्कर मारून येणार. शेजारचे काका म्हणालेही, "चल, निघ की आता."

प्रशांतने इंजिन बंद केलं. खाली बसला आणि एकेका भागाला हात लावत गाडीभोवती फिरला. लिव्हर, ब्रेक, स्विच, रेग्युलेटर. प्रत्येक जागी माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचे. मग टाकीवर हात ठेवून उभा राहिला.

"पंप बघायचाय," तो म्हणाला.

"अरे, गाडी चालू झाली म्हणजे पंप आहे आत," लॉरेन्स म्हणाला. त्याचे हात पुसून झाले होते, पोह्यांची बशी हातात होती.

"आहे हो. पण बघायचाय."

पंप बघायचा म्हणजे टाकीतलं पेट्रोल काढायचं, टाकी उतरवायची, उलटी करायची, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि तो प्रशांतला ओळखू आला नसता. त्याच्या गाडीचा पंप त्याने आयुष्यात कधी बघितला नव्हता. कुणीच बघत नाही. आपल्या गाडीत आपलाच पंप असतो हे कुणाला बघावं लागत नाही.

लॉरेन्सने माझ्याकडे बघितलं.

"उघड," मी म्हटलं.

त्याने बशी खाली ठेवली आणि पाना उचलला.